जुना ट्रक, घरचं अंगण आणि उद्यमनगर : काय करावे, काय टाळावे

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत गुऱ्हाळघराच्या मागं, मळ्याच्या कडेला किंवा बंद वखारीच्या आवारात एखादा जुना ट्रक अजून उभा दिसतो. टाटा-मर्सिडीज, बेडफर्ड, डॉज, फार्गो, लेलँड कॉमेट. कुणाच्या आजोबांनी त्यातून गुळाचे रवे बाजारात नेले, कुणाच्या वडिलांनी ऊस कारखान्यावर घातला. असा ट्रक भंगारात न देता घरच्या अंगणात पुन्हा चालता करायचा म्हटलं, तर कोल्हापूरकराच्या हाताशी मोठी सोय आहे. शिवाजी उद्यमनगर. लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ओतकाम हे सगळं तिथं एकमेकांच्या जवळ मिळतं. बाबुराव पेंटरांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा याच शहरात स्वतः घडवला होता. नमुना समोर ठेवून वस्तू बनवायची सवय या गावाला जुनी आहे.

तीच सवय कामी आणायची. खोलणं, धुणं, मोजणं, नोंद ठेवणं आणि जोडणं घरी करावं. जिथं यंत्र लागतं किंवा जिवाची जोखीम आहे ते काम जाणत्या हाताकडे द्यावं. आणि मोडका, झिजलेला, फुटलेला कसलाही भाग गाडी पूर्ण होईपर्यंत फेकू नये, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा नकाशा दुकानात मिळत नाही. जुना भाग हाच नव्या भागाचा नकाशा असतो.

१. गाडी दारात आणण्याआधी

करा
- चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिन नंबर तारेच्या ब्रशने साफ करून आरसी बुकाशी जुळवा. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा जवळ ठेवा.
- मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आणि नावावर करण्याचे कागद पैसे देण्याआधी पुरे करा.
- आरटीओत जाऊन थकीत कर, पर्यावरण कर आणि फिटनेसची स्थिती विचारा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं.
- चासीच्या चारी कोपऱ्यांवर खुणा करून तिरप्या दोन्ही मापांची दोरीने तुलना करा. मापं जुळली नाहीत तर चासी वाकलेली आहे.
- बिघडलेली पण पूर्ण गाडी घ्या. चकचकीत पण अर्धे भाग नसलेली गाडी शेवटी महाग पडते. ज्या गाडीत जुना भागच नाही, तिचा नमुना उद्यमनगरला काय दाखवणार?

टाळा
- नंबर खरवडलेली किंवा पुन्हा ठोकलेली चासी. ती फुकट मिळाली तरी नको.
- ‘जुनी आहे म्हणजे विंटेजमध्ये बसेल’ हा समज. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम आले, ते पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकींसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात धरू नका.
- परवानगीशिवाय दुसरं इंजिन बसवणं. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत असा बदल करण्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. रंग बदलला तरी नोंद करून घ्या.

२. जागा आणि हंगाम

करा
- गाडीखाली पक्की काँक्रीटची जमीन असू द्या. ती नसेल तर जॅक आणि घोडी (गाडीचं वजन पेलणारा स्टँड) यांच्याखाली जाड पोलादी प्लेट टाका. पूर्व भागातली काळी माती ओली झाली की जॅक आत जातो आणि गाडी कलंडते.
- कामाची आखणी हवामानावर करा. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून खोलणं, धुणं, मोजणं. दिवाळीनंतर कोरड्या हवेत पत्रा आणि रंग.
- यंत्रकामाच्या तारखा उद्यमनगरात आधी ठरवून घ्या. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहतुकीचे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात, तेव्हा हौसेचं काम मागं पडतं.
- नदीकाठच्या गावात असाल तर पुराचा विचार आधी करा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांनी पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे निघालं की खोललेलं इंजिन, गिअर बॉक्स आणि वायरिंग उंचावर हलवा. त्यासाठी पुलीची सोय आणि चार माणसं आधीच ठरवून ठेवा.

टाळा
- प्लास्टिकचा कागद गाडीला घट्ट गुंडाळणं. आत दमट हवा कोंडते आणि उघड्यावर जितका चढला नसता तितका गंज चढतो. वर पत्रा, बाजू मोकळी हे उत्तम.
- पोरं खेळतात त्या अंगणात उघडी गाडी. दोरी बांधून हद्द आखा.

३. उचलणं आणि खाली शिरणं

करा
- चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावा, मग जॅक लावा, मग घोडी. जॅक फक्त उचलण्यासाठी. वजन पेलायचं काम घोडीचं.
- खाली शिरण्याआधी गाडीला जोरात हलवून पाहा. हलली तर पुन्हा बसवा.
- इंजिन काढायला एक टनाची किंवा त्याहून मोठी चेनपुली आणि लोखंडी तिकटी वापरा. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन चारशे किलोच्या आसपास भरतं.
- काम करताना दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर ठेवा.

टाळा
- विटा, दगड, सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडी म्हणून वापरणं. ते न सांगता फुटतात.
- घराच्या स्लॅबच्या हुकाला किंवा आंब्याच्या फांदीला पुली टांगणं.
- कमानीचे पाटे बांधलेला मधला बोल्ट सरळ सोडणं. पाट्यांत ताण असतो. दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प लावा, मग बोल्ट काढा आणि क्लॅम्प एकसारखे हळूहळू ढिले करा.
- एअर ब्रेकच्या गाडीत स्प्रिंग असलेला ब्रेक चेंबर घरी उघडणं. आतली स्प्रिंग माणूस मारण्याइतक्या जोराने उडते. तो चेंबर ब्रेकच्या जाणकाराकडेच न्या.

४. खोलताना

करा
- दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, वहीत तारीख, कुठून काढला, किती शिम होत्या, कोणत्या क्रमाने होत्या.
- प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. शक्य तिथं बोल्ट परत त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवा.
- आटे ओळखा. टाटा-मर्सिडीज मिलिमीटरची. डॉज-फार्गो आणि जुन्या बेडफर्ड-लेलँडमध्ये इंची आटे येतात, आणि इंचीतही अमेरिकन आणि ब्रिटिश वेगळे. आटे मोजायचा गेज स्वस्तातला, पण तो चासीएवढा महत्त्वाचा.
- गंजून धरलेला नट तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी गॅस टॉर्चने नट तापवा, बोल्ट नाही. आधी जवळपासचं डिझेल, ग्रीस आणि रबर दूर करा.
- चाकांचे नट फिरवण्याआधी बोल्टच्या टोकावरची खूण पाहा. काही गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चुकीच्या दिशेने पाइप लावून जोर दिला की बोल्ट तुटतो.

टाळा
- ‘लक्षात राहील’ म्हणून न लिहिणं. सहा महिन्यांनी जोडताना काहीच लक्षात राहत नाही.
- इंची बोल्टवर मिलिमीटरचा नट जोर लावून चढवणं. चढतो, पण आटे खाऊन चढतो आणि चालत्या गाडीत सुटतो.
- सगळी गाडी एकदम खोलून बसणं. एक जोडणी खोला, धुवा, मोजा, यादी करा, गुंडाळून ठेवा, मग दुसरी. अंगणात सुट्या भागांचा ढीग झाला की तो भंगारवाल्याकडेच जातो.

५. बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन

करा
- आधी इंजिन ऑईल, डिझेल, रेडिएटरचं पाणी सगळं काढा. ऑईल कपड्यातून गाळा. त्यात पितळी किंवा पांढरी चमक दिसली तर बेअरिंग झिजलेत.
- नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ ऑईल सारख्या प्रमाणात सोडा. चार-पाच दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने थोडं पुढं, थोडं मागं हलवा.
- सुटलं की लगेच चालू करू नका. हेड काढून सिलिंडरच्या भिंती पाहा. नख अडकेल असे ओरखडे असतील तर बोअर किंवा नवा लायनर लागणार.
- हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. आकडा त्या इंजिनच्या पुस्तकातलाच घ्या.

टाळा
- गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढणं. अडकलेला पिस्टन सुटत नाही, रिंगा तुटतात आणि रॉड वाकतो.
- इथर किंवा पेट्रोलचा बोळा लावून डिझेल इंजिन पेटवणं. पिस्टन फुटू शकतो, चेहराही भाजू शकतो.
- थर्मोस्टॅट काढून टाकणं. इंजिन थंड राहतं म्हणून बरं वाटतं, पण थंड चालणारं डिझेल इंजिन लवकर झिजतं.

६. पुरात उभा राहिलेला ट्रक

आपल्या जिल्ह्यात हे प्रकरण वेगळं लिहावं लागतं.

करा
- गाडी जिथं आहे तिथं सगळे ड्रेन प्लग हळूच ढिले करा. इंजिन, गिअर बॉक्स, डिफरन्शियल. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. किती आलं ते वहीत लिहा.
- ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ते काढून स्वस्त ऑईल भरा, नोझल काढून हाताने इंजिन फिरवा, ऑईल पुन्हा काढा. स्वच्छ येईपर्यंत करा.
- चारी हब उघडून बेअरिंग धुवा आणि नवं ग्रीस भरा. हबमधला गाळ बाहेरून दिसत नाही.
- डायनॅमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि वाइंडिंगवाल्याकडून तपासून घ्या.

टाळा
- ‘लागतंय का बघू’ म्हणून स्टार्टर मारणं. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढल्याशिवाय इंजिन फिरवूच नका.
- प्रेशरच्या पाण्याने गाळ धुणं. ऑईल सीलमधून तोच गाळ आत जातो. आधी खरवडा, मग साध्या पाण्याने धुवा.

७. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं : इथून सुरुवात

ट्रक आधी थांबायला हवा, मग पळायला. इंजिनचा आवाज ऐकायची घाई सगळ्यांना असते. तरी ब्रेकचं काम पूर्ण झाल्याशिवाय गाडी स्वतःच्या ताकदीवर एक फूटही हलवू नये.

करा
- ब्रेकचे सगळे रबर भाग आणि होज पाइप नवे घाला. जुना बरा दिसला तरी बदला.
- ड्रम उघडल्यावर आतली धूळ आधी ओली करा, मग ओल्या कपड्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात बसतं. कपडा पिशवीत बांधून टाका.
- ड्रम चारी बाजूंनी मोजा. गोल नसेल तर लेथवर घासून घ्या, पण ठरलेल्या कमाल व्यासाच्या पुढं नाही.
- स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, किंग पिन, बुश पाहा. चाक वर-खाली आणि आडवं हलवा. खेळ दिसला तर सुटे भाग आधी मागवा.
- २० इंची चाकांची लॉकरिंग गंजली, वाकली किंवा तडकली असेल तर ती रिम वापरू नका. हवा पिंजऱ्यात भरा किंवा चाकाला साखळी गुंडाळून, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरा.

टाळा
- ब्रेकच्या रबराला डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑईल लावणं. रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतो. साफ करायला फक्त ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट.
- हवा असलेल्या चाकाची लॉकरिंग हातोड्याने ठोकणं. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. उडालेल्या रिंगने माणसं गेली आहेत.
- वरून बरे दिसतात म्हणून वीस वर्षांचे टायर चालवणं. नक्षी शाबूत असली तरी रबर आतून मेलेलं असतं.

८. उद्यमनगरला जाताना

करा
- भाग स्वच्छ धुऊन, कोरडा करून, वहीतली मापं सोबत घेऊन जा. मेस्त्रींना काय हवं ते तोंडी सांगा आणि लिहूनही द्या.
- पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नका. बेअरिंग मिळतंय याची खात्री झाल्याशिवाय क्रँक घासू नका. क्रँक पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी घासतात. ज्या मापाचं बेअरिंग बाजारात नाही त्या मापाला क्रँक घासून आणलात तर ती शोपीस होते.
- बिडाचा भाग नव्याने ओतून घ्यायचा असेल तर आकसण्याचा हिशोब सांगा. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. जुना भागच साचा म्हणून वापरला तर ३०० मिलिमीटरचा तुकडा ३ मिलिमीटर आखूड येतो. शिवाय लेथवर घासायला जास्तीचा थर लागतो. साचेवाल्याने दोन्ही धरूनच लाकडी नमुना करावा.
- तडा गेलेल्या बिडाच्या ब्लॉकसाठी निकेलच्या रॉडने, थोडं थोडं जोडणारा कारागीर शोधा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून घ्यायला सांगा म्हणजे तडा पुढं सरकत नाही.
- काम झाल्यावर जुना भाग परत मागून घ्या. नवा भाग गाडीत बसून चालेपर्यंत जुना घरी राहू द्या.

टाळा
- स्टिअरिंगचे हात, नकल, ड्रॅग लिंक हे भाग ओतून घेणं. ते घडीव पोलादाचे असतात. ओतलेला भाग दिसायला तसाच दिसतो आणि खड्ड्यात तुटतो. या भागांना कंपनीचा किंवा दुसऱ्या गाडीचा चांगला तपासलेला भागच घाला.
- चासीच्या वरच्या-खालच्या कडांवर वेल्डिंग करणं किंवा भोक पाडणं. सगळा ताण तिथंच असतो. सुटलेल्या रिव्हेटच्या जागी नेमक्या भोकात बसणारा उच्च ताणाचा बोल्ट वापरा.
- रोज फोन करून घाई करणं. चांगल्या ग्राइंडरच्या हाताला वेळ द्यावा लागतो.

९. डिझेल, पाणी, वीज

करा
- फ्युएल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे तपासून, कॅलिब्रेट करूनच बसवा. डिझेलचे फिल्टर आणि रबरी पाइप नवे घाला.
- रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा असेल तर जपा. तो उघडून, रॉड घालून साफ करणारे कारागीर अजून आहेत.
- रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात आणि बिडाला गंज लागतो.
- वायरिंगला हात लावण्याआधी पाहा : १२ व्होल्ट की २४, आणि बॉडीला जोडलेली वायर निगेटिव्ह की पॉझिटिव्ह. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते.
- कापडी आवरणाची जुनी वायर बदलताना प्रत्येक फांदीला फ्यूज द्या आणि बॅटरीजवळ मुख्य स्विच बसवा.
- गिअर बॉक्समध्ये पितळी भाग असतील तर जीएल-४ दर्जाचं गिअर ऑईल घाला. डिफरन्शियलचं ऑईल तिथं ओतू नका.

टाळा
- डिझेल किंवा पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते. ते काम टाकीच्या कारागिराकडेच.
- नोझलचा फवारा हातावर धरून पाहणं. शंभर-दोनशे बार दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर थेट रुग्णालय गाठा.
- जळकं ऑईल गटारात सोडणं. गटारातून ते जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातं. डब्यात साठवा आणि जुनं ऑईल घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्या.

१०. पत्रा, हौदा, रंग

करा
- रंग खरवडताना मूळ थर शोधा. फाळक्याच्या आत, डॅशबोर्डमागं, नेमप्लेटखाली जुना रंग सापडतो. त्याचा तुकडा रंगाच्या दुकानात नेऊन जुळवा.
- जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरा. पाणी पेपरने ओलं घासा, तोंडाला चांगला मास्क लावा.
- उघड्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर द्या. आपल्या दमट हवेत एका रात्रीत लाल गंज येतो.
- कुजलेला पत्रा कापून नवा लावा. लांबी (पुट्टी) दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरू नका.
- हौद्याला साग, ऐन किंवा बाभळीची वाळलेली फळी वापरा. फळ्यांत पाणी निथळायला थोडी फट ठेवा. जुनी फळी आधी मोजा, मग कापा.
- अक्षरं हातानं रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घ्या. जुनं नाव, गावाचं नाव, मालकाची आद्याक्षरं यांचा फोटो आणि ट्रेसिंग रंग काढण्याआधी घ्या.
- बिल्ले जपा. टेल्को (टाटा) आणि डाइम्लर-बेंझ (मर्सिडीज) यांचा ट्रकचा करार १९५४ चा, तो १९६९ मध्ये संपला. त्या काळातली तीन टोकांची चांदणी बॉनेटवर मूळची असेल तर ती गाडीचं वय सांगते.

टाळा
- नंतरच्या टाटावर विकतची चांदणी लावणं. गाडीचा इतिहास खोटा होतो.
- नदीची वाळू मारून घरी सँडब्लास्टिंग. त्या धुळीने सिलिकोसिस होतो. शिवाय पातळ पत्रा वाकतो आणि वाळू बेअरिंगमध्ये जाते.
- दोन घटकांचा रंग बंद खोलीत, कापडी मास्क लावून फवारणं. त्यातला हार्डनर फुप्फुसाला घातक असतो. तो रंग हवा असेल तर गाडी बूथमध्ये न्या, नाहीतर जुन्या पद्धतीचा इनॅमल ब्रशने द्या. त्या काळच्या ट्रकला तो शोभतोही.
- मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिणं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात त्याला बंदी झाली.

११. पहिला फेरा

करा
- पहिली चाचणी सपाट, मोकळ्या मैदानावर. पहिल्या गिअरमध्ये दहा फूट, ब्रेक, पुन्हा दहा फूट. हँडब्रेकही वेगळा तपासा.
- पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. हेडचे बोल्ट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.
- थांबल्यावर प्रत्येक हबजवळ तळहाताची मागची बाजू न्या. एकच हब गरम लागला तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतोय.
- सोबत अग्निशामक, पाचर, टॉर्च आणि वही.
- विमा, फिटनेस, पीयूसी पुरे झाल्यावरच रस्त्यावर या.

टाळा
- पहिल्याच फेरीत जोतिबाचा डोंगर किंवा करूळ घाट. उतरणीवर जुन्या ब्रेकची खरी परीक्षा होते. ती सपाटीवर पाचशे किलोमीटर झाल्यावर द्या.
- हौद्यात माणसं बसवून मिरवणूक. दसऱ्याला गाडीची पूजा करा, हार घाला. माणसं खाली राहू द्या.

शेवटचं काम

गाडी चालती झाली की वही केबिनमध्ये ठेवा. कोणत्या मापाला क्रँक घासली, कोणतं बेअरिंग घातलं, कोणत्या साच्यावर कुठला भाग ओतला, हे सगळं त्यात असू द्या. कमान बांधणारे, रेडिएटरला रॉड मारणारे, बिडाचा तडा जोडणारे हात आता थोडे राहिले आहेत. त्यांच्याकडे काम घेऊन गेलात तर एक खुर्ची ओढून बसा, त्यांनी ते कसं केलं ते विचारा आणि त्याच संध्याकाळी वहीत लिहा. पुढं कुणी हाच ट्रक खोलेल, तेव्हा त्याला पहिला नमुना तुमच्या वहीतच सापडेल.